बाजरीचे पीठ आणि मेथीची जुडी : प्रस्तावना

१०० ग्रॅम बाजरीच्या पिठातून सुमारे ३४८ किलोकॅलरी मिळतात आणि १०० ग्रॅम मेथीच्या पाल्यातून ३४. प्रथिने एकीकडे ११ ग्रॅम, तर दुसरीकडे पावणेचार. तंतू साडेअकरा ग्रॅम आणि जेमतेम पाच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांतले हे आकडे आहेत आणि आपल्या अन्नाविषयी याहून भरवशाचे आकडे सहजी हाती लागत नाहीत. ते वाचून कुणीही म्हणेल की बाजरी सरस आणि मेथी तोंडी लावण्यापुरती. मोबाइलवर फिरणारी ‘कशात किती प्रोटीन’ छापाची चित्रे हेच सांगतात. चार दिवसांनी दुसरे चित्र येते. त्यात कॅलरीमागे पोषण मोजलेले असते आणि तीच मेथी अव्वल ठरते. आकडे दोन्हीकडे खरे असतात, पण वाचणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही.

या पुस्तिकेत धान्याची पिठे आणि भाज्या जोडीजोडीने घेतल्या आहेत. प्रस्तावनेसाठी बाजरी आणि मेथी निवडण्याचे कारण साधे आहे. थंडी पडली की या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राच्या देशावर एकाच ताटात येतात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते, त्याच दिवसांत बाजारात मेथीच्या जुड्यांचे ढीग लागतात आणि वर्षातली सर्वांत कोवळी मेथी तेव्हाच मिळते. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र खाल्ल्या गेलेल्या या दोन पदार्थांना एकमेकांसमोर उभे करून ‘दोघांत श्रेष्ठ कोण’ असे विचारले जाते, तेव्हा गडबड नेमकी कुठे होते ते आधी पाहू.

पहिली गडबड पाण्याची. निवडलेल्या मेथीत वजनाच्या जवळजवळ ८७ टक्के पाणी असते, पिठात ९ टक्के. म्हणजे काट्यावर दोन्ही १०० ग्रॅम भरले, तरी पिठाच्या बाजूला ९१ ग्रॅम अन्न असते आणि मेथीच्या बाजूला १३. पाणी काढून टाकून हिशेब केला तर चित्र पालटते. कोरड्या वजनावर बाजरीत साधारण १२ टक्के प्रथिने भरतात, मेथीत तब्बल २७-२८ टक्के. पालेभाजीकडे प्रथिनांचा स्रोत म्हणून कुणी पाहत नाही, पण पान हे झाडाचे कामाचे ठिकाण आहे. सूर्यप्रकाशाच्या जोरावर अन्न बनवणारी सगळी विकरे म्हणजे एन्झाइम तिथे असतात आणि विकरे म्हणजे प्रथिनेच. दाण्याचे काम वेगळे. उद्या उगवणाऱ्या रोपासाठी त्यात शिधा बांधून ठेवलेला असतो, म्हणून त्याचा मोठा भाग पिष्टाचा. वनस्पतीच्या या दोन अवयवांकडून एकच गोष्ट मिळावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

पण कोरड्या वजनाचा हिशेबही ताटापर्यंत पोचत नाही. १०० ग्रॅम कोरडी मेथी पोटात जायची तर पाऊण किलो पाला खावा लागेल. कॅलरीमागे मोजायचे तर १०० किलोकॅलरींसाठी सुमारे ३०० ग्रॅम पाला लागतो. त्यात ११ ग्रॅम प्रथिने आणि ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, हे वाचायला छान वाटते. तेवढ्याच कॅलरींची बाजरी २९ ग्रॅमांत, म्हणजे लहानशा अर्ध्या भाकरीत मिळते आणि तिच्यात ३ ग्रॅम प्रथिने आणि ८ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र ३०० ग्रॅम निवडलेला पाला म्हणजे दोन जुड्या, आणि एका माणसाने एका बसणीला तेवढी भाजी खाल्लेली मी पाहिलेली नाही.

म्हणून आम्ही मोजमाप ताटावर आणले. मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्यांना साधारण १२० ग्रॅम पीठ लागते. मेथीची एका माणसाची वाढणी धरली ७५ ग्रॅम निवडलेल्या पाल्याची. परतल्यावर तो आळतो आणि वाटीच्या तळाशी बसतो. आता हिशेब असा : भाकऱ्यांतून सुमारे ४२० किलोकॅलरी, भाजीतून २६. प्रथिने भाकऱ्यांतून १३ ग्रॅम, भाजीतून पावणेतीन. लोह भाकऱ्यांतून पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास, भाजीतून चारच्या वर. कॅल्शियमकडे आलो की पारडे एकदम फिरते. भाकऱ्यांतून मिळते ३३ मिलिग्रॅम आणि मेथीच्या त्या वाढणीतून २०० च्या वर. क जीवनसत्त्व भाकरीत नाहीच, कच्च्या मेथीच्या तेवढ्या पाल्यात ४० मिलिग्रॅमहून अधिक असते. डोळ्यांसाठी लागणाऱ्या अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल, म्हणजे बीटा कॅरोटिन, बाजरीत नगण्य आणि मेथीत भरपूर. मॅग्नेशियम मात्र भाकरीतून मिळते, दोन भाकऱ्यांत १५० मिलिग्रॅमच्या आसपास.

हा हिशेब एकदा मांडला की ‘कोण श्रेष्ठ’ हा प्रश्न गळून पडतो आणि त्याच्या जागी दुसरा, जास्त कामाचा प्रश्न येतो : कुणाच्या ताटात काय कमी आहे?

माझे स्पष्ट मत आहे की गेल्या काही वर्षांतल्या भरडधान्यांच्या कौतुकात हा प्रश्न विसरला गेला. २०१८ साली केंद्र सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणी यांना पोषक तृणधान्ये म्हटले, २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. गव्हा-तांदळाच्या रेट्यात बाजरीचे क्षेत्र आटत गेले होते, तिला मान मिळायला हवा होता. पण बीड, अहिल्यानगर, धुळे, नाशिकच्या कोरडवाहू पट्ट्यात ज्या घरांत आजही बाजरी पिकते आणि खाल्ली जाते, त्यांना बाजरीचे गुण सांगून काय मिळणार? त्यांच्या ताटात भाकरी आहे, ठेचा आहे, कधी नुसते तिखट-मीठ आहे. उसाच्या फडावर गेलेल्या कुटुंबाच्या फडक्यात बांधलेल्या भाकरीसोबत पालेभाजी असेलच असे नाही. त्या ताटात कमी आहे ती हिरवी वाटी. शहरात उलटे आहे. तिथे पालेभाजी बाराही महिने मिळते, पण पिठाच्या जागी मैदा आलेला असतो, आणि बाजरी आलीच तर साखर-तुपात घोळलेल्या बिस्किटांतून येते. एकाच सल्ल्याने दोन्ही ताटे सुधारणार नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात २५० ग्रॅम धान्य आणि ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत, त्यांत १०० ग्रॅम पालेभाजी आहे. भाजीचे वजन धान्याच्या दीडपटीहून जास्त, ही गोष्ट आपल्याकडच्या फार थोड्या स्वयंपाकघरांत पाळली जाते.

आणि ती का पाळली जात नाही हेही नीट पाहायला हवे. मेथीची जुडी सोडली की आधी मुळांकडची माती झटकायची, पिवळी पाने काढायची, मग एकेक काडी हातात घेऊन पाने खुडायची, जाड देठ बाजूला टाकायचे. मग दोन-तीन पाण्यांतून धुवायची, कारण पहिल्या पाण्यात भांड्याच्या तळाशी वाळू बसलेली दिसते. एवढे करून मध्यम जुडीतून हाती येतो दीडशे-दोनशे ग्रॅम पाला. दिवसभर शेतात किंवा ऑफिसात राबून आलेल्या बाईला हे रोज कर म्हणणे सोपे आहे. भाजी निवडायला घरातले सगळे बसले तर ताटातली हिरवी वाटी कुठल्याही जाहिरातीपेक्षा लवकर भरेल, असे मला मनापासून वाटते.

आता लोहाबद्दल थोडे सविस्तर, कारण या जोडीत सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह मिळावे अशी आपल्याकडची शिफारस आहे, पुरुषाला १९. बाजरीत १०० ग्रॅमला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे, गव्हाच्या पिठापेक्षा चांगलेच जास्त. पण वनस्पतींतले लोह आतड्यांतून सहजासहजी शोषले जात नाही, आणि बाजरीच्या कोंड्यात व अंकुरात असलेले फायटेट त्याला आणखी अडवते. इथे मेथी मदतीला येते. तिच्यातले क जीवनसत्त्व त्याच जेवणातल्या लोहाचे शोषण वाढवते. अडचण अशी की हे जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्याने जाते. मेथी चिरून मग धुतली, झाकण न ठेवता बराच वेळ शिजवली, तर त्यातले फारच थोडे उरते. म्हणून मला खानदेश-विदर्भातला मेथीचा घोळाणा फार महत्त्वाचा वाटतो. कोवळी मेथी कच्चीच बारीक चिरायची, तीत कांदा, दाण्याचे कूट, मीठ, तिखट आणि थोडे कच्चे तेल घालून कालवायचे आणि भाकरीसोबत खायचे. पोषणशास्त्राच्या दृष्टीने त्यात काही सुधारण्यासारखे नाही. तेलामुळे बीटा कॅरोटिन शोषले जाते, कच्चेपणामुळे क जीवनसत्त्व शाबूत राहते. शिजवलेलीच भाजी हवी असेल तर ती आधी धुऊन मग चिरावी, लसूण-मिरचीच्या फोडणीत झटपट परतावी आणि ताटात लिंबाची फोड ठेवावी. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय मात्र मोडायला हवी, कारण चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात.

कॅल्शियमच्या बाबतीतही मेथीची बाजू भक्कम आहे. पालकातही कॅल्शियम असते, पण त्यातल्या भरपूर ऑक्झॅलेटमुळे ते शरीराला फारसे मिळत नाही. मेथीत ऑक्झॅलेट अगदी कमी, त्यामुळे तिच्यातले कॅल्शियम कागदावरच राहत नाही.

लोहाचे आकडे वाचताना जपून राहावे, हे इथेच सांगून ठेवते. आपल्याकडच्या कोष्टकांची परंपरा जुनी आहे. तमिळनाडूतल्या कुन्नूरला १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी सुरू केलेल्या लहानशा केंद्रातून ती उगवली. तिथेच पुढे वॉलेस एक्रॉइड यांच्या काळात, १९३७ मध्ये, भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली. कुन्नूरची ही संस्था १९५८ साली हैदराबादला आली आणि सी. गोपालन व सहकाऱ्यांच्या पुस्तकाने दोन-तीन पिढ्यांच्या आहारतज्ज्ञांना शिकवले. त्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत मेथीतले लोह १६ मिलिग्रॅमच्या वर दिले होते. सुधारित आवृत्तीत ते २ च्या आसपास आले आणि २०१७ च्या कोष्टकात ५.७ आहे. पालेभाज्यांच्या पानांवर बसलेली माती लोहाचा आकडा फुगवते, शिवाय जमीन, वाण आणि हंगाम यांनीही फरक पडतो. म्हणून या पुस्तिकेत लोहाच्या आकड्यांपुढे ‘सुमारे’ आहे आणि तो शब्द वाचकाने गाळू नये.

बाजरीतले लोह शरीराला लागते का, याचे एक चांगले उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ या शेती-संशोधन संस्थेने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साथीने ‘धनशक्ती’ हे जास्त लोहाचे बाजरीचे वाण काढले. २०१२ साली ते महाराष्ट्रात आले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना एका गटात या बाजरीची आणि दुसऱ्या गटात नेहमीच्या बाजरीची भाकरी देऊन अभ्यास झाला, आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ज्या मुलांमध्ये लोहाची कमतरता होती, त्यांच्यात सहा महिन्यांत ती भरून निघण्याची शक्यता धनशक्तीच्या गटात दीडपटीहून अधिक निघाली. कुठलीही गोळी नाही, रोजची भाकरी. पुढे २०१८ साली बाजरीच्या नव्या वाणांत किलोला किमान ४२ मिलिग्रॅम लोह असावे असा दंडकही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने घातला.

पिठाबद्दल बोलताना ताजेपणाचा मुद्दा टाळून चालणार नाही. बाजरीत पाच टक्क्यांहून जास्त स्निग्धांश आहे, गव्हा-ज्वारीच्या तिप्पट. दाण्याच्या मानाने तिचा अंकुर मोठा असल्यामुळे हे होते. दाणा अख्खा असतो तोवर हे तेल सुरक्षित राहते. गिरणीत भरडला गेला की त्यातली विकरे तेलावर काम करू लागतात आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होते. पावसाळ्यात त्याहूनही लवकर. घरोघरी हे कुठलेही पुस्तक न वाचता ठाऊक आहे. पिठाची विरी गेली की ते आधणाच्या पाण्यात मळले तरी परातीत थापताना कडेने चिरते, तव्यावर पाण्याचा हात फिरवला तरी पापुद्रा सुटत नाही. पीठ ताजे असले की हाताखाली भाकरी गोल पसरत जाते आणि विस्तवावर टम्म फुगते. म्हणून दहा किलो दळून डब्यात भरण्यापेक्षा आठवड्यापुरते दळून आणावे. आणि ते चाळू नये. चाळणीवर जो कोंडा उरतो, त्यात तंतू आणि खनिजांचा मोठा वाटा असतो. गहू, बाजरी, ज्वारी सगळ्यांना हे लागू आहे.

मधुमेह असलेल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगते. बाजरीत तंतू आहेत म्हणून ती मैद्यापेक्षा किंवा पांढऱ्या भातापेक्षा बरी, पण दोन भाकऱ्यांत ७० ग्रॅमहून जास्त कर्बोदके आहेत, हे विसरून ‘बाजरी चालते’ म्हणत तिसरी-चौथी भाकरी घेऊ नये. दुसरी गोष्ट मेथीची. रक्तातली साखर उतरल्याचे जे प्रयोग नेहमी सांगितले जातात, ते मेथीदाण्यांवर झालेले आहेत. त्यांत हैदराबादच्या संस्थेत १९९० च्या सुमारास झालेले काम आहे. दाण्यांतला चिकट, विरघळणारा तंतू पाल्यात तेवढा नसतो. पाला खावा तो त्याच्या स्वतःच्या गुणांसाठी, औषध म्हणून नव्हे.

बाजरीविषयी एक काळजीही नोंदवायला हवी. सुदानच्या दारफूर भागात, जिथे लोकांचे पोट जवळजवळ बाजरीवरच भरत होते, तिथल्या अभ्यासांत तिच्यातले काही फ्लेव्होनॉइड थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात असे दिसले. मिश्र आहार आणि आयोडीनयुक्त मीठ असलेल्या घराने यामुळे बाजरी सोडण्याचे कारण नाही. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी मात्र रोज दोन्ही वेळा तीच खाण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

एवढे सगळे मिळूनही ही जोडी पूर्ण जेवण होत नाही. बाजरीच्या प्रथिनांत लायसिन कमी पडते. मेथीत मुगाची डाळ घातली की ती उणीव बरीचशी भरते, आणि डाळ-मेथी आपल्याकडे पूर्वापार होतेच. ब-१२ जीवनसत्त्व पिठातही नाही आणि पाल्यातही नाही. त्यासाठी दूध, दही, ताक, अंडी किंवा मासळी-मटणाकडेच जावे लागते. तेलाचाही विचार करावा. ७५ ग्रॅम मेथीत २६ किलोकॅलरी, आणि फोडणीतल्या एका लहान चमच्यात ४५. तेल हवे, पण भाजीच्या कडेने तवंग दिसू लागला की हिशेब बदललेला असतो.

पुस्तिकेतल्या सगळ्या कोष्टकांत वजने कच्च्या, खाण्याजोग्या भागाची आहेत. भाकरीच्या रकान्यात कोरडे पीठ धरले आहे, भाजलेली भाकरी नाही, कारण भाजलेल्या भाकरीत पुन्हा पाणी आलेले असते आणि ते हातागणिक, तव्यागणिक बदलते. प्रत्येक जोडीचे मोजमाप याच पद्धतीने केले आहे : दोन भाकऱ्यांचे पीठ आणि एक वाढणी भाजी.

बाजरी-मेथीवरून काढलेला निष्कर्ष मात्र सगळ्या जोड्यांना लावू नये. ज्वारी आणि अंबाडीत तो बराचसा टिकतो. कोकणात गेलो की मोडतो. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३६० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, म्हणजे तिथे कॅल्शियम पुरवणारे मुख्य अन्न भाकरीच ठरते. तिच्यासमोर शेवग्याचा पाला ठेवला तर तोही ३०० च्या पुढे जातो आणि वर १०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व घेऊन येतो. दूध न पिणाऱ्या किंवा न परवडणाऱ्या घरासाठी या दोघांचे एकत्र येणे किती मोलाचे आहे, हे पहिल्याच प्रकरणात घेतले आहे.